जपान व अमेरिका यांचें परस्परदर्शन : साधनांचें एक परीक्षण

१

रूथ बेनेडिक्ट ह्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ विदुषीचा जपानविषयक ग्रंथ इ. स. १९४६ सालीं बोस्टन येथें प्रसिद्ध झाला. 'शेवंती आणि तलवार' असा त्याच्या नांवाचा अर्थ. त्याला पाऊणशें वर्षें उलटून गेलीं. तथापि जपानी लोकांच्या स्वभावाविषयीं कोणी लिहावयास बसला म्हणजे अजूनही ह्या ग्रंथाची साक्ष काढल्यावांचून त्याचें पाऊल सहसा पुढें पडत नाहीं. खुद्द जपानांत त्याचें भाषांतर १९४८ सालीं निघालें व त्याच्या लाखों प्रती खपल्या. ज्यांचें वर्णन केलें त्यांनींच तें आवडीनें वाचावें, असें भाग्य परक्यानें लिहिलेल्या ग्रंथास क्वचितच लाभतें. अशा मान्यता पावलेल्या ग्रंथाकडे इतिहासाचें एक साधन म्हणून पाहण्याचें प्रस्तुत लेखांत योजिलें आहे. त्यांत जें सांगितलें तें कशावरून सांगितलें, कोणासाठीं सांगितलें आणि त्यांतील किती भाग पुराव्यास उतरतो, एवढाच येथें प्रश्न आहे.

हा प्रश्न त्या एका ग्रंथापुरता सुटणारा नाहीं. इ. स. १८५३ पासून हे दोन देश एकमेकांचीं चित्रें काढीत आले आहेत, आणि त्या मालिकेंत ठेवून पाहिल्यावांचून बेनेडिक्टबाईंच्या चित्राची योग्यता कळावयाची नाहीं. शिवाय हीं चित्रें कागदावरच राहिलीं असें नाहीं. त्यांच्या आधारें कायदे झाले, माणसें राहत्या घरांतून उठविलीं गेलीं, आणि समोरचा शत्रु माणूसच नव्हे अशी समजूत दृढ झाल्यावर युद्धांत कोणतेंही कृत्य वर्ज्य वाटेनासें झालें. म्हणून साधनांची ही छाननी केवळ पंडितांची करमणूक नव्हे.

परकीयांच्या साक्षीचा उपयोग कसा करावा, हा प्रश्न ह्या त्रैमासिकाच्या वाचकांस अपरिचित नाहीं. शिवराज्याभिषेकाच्या वेळीं हेन्री ऑक्झिंडेन हा इंग्रज वकील रायगडावर हजर होता. त्यानें लिहून ठेविलेल्या हकीकतीचा आपण आदरानें उपयोग करतों. परंतु तो कंपनीचा माणूस होता व व्यापाराचे करार पदरांत पाडून घेण्यासाठीं आला होता, हेंही विसरत नाहीं. हीच शिस्त येथें लावावयाची आहे.

त्यासाठीं एक जुनी कसोटी हातीं घेतों. न्यायसूत्रांवरील भाष्यांत वात्स्यायनानें आप्ताचें, म्हणजे विश्वासार्ह साक्षीदाराचें, लक्षण दिलें आहे. त्याचे सारांशानें दोन भाग पडतात. ज्या वस्तूविषयीं बोलावयाचें ती त्यानें स्वतः साक्षात् जाणलेली असावी. आणि जशी जाणली तशीच ती दुसऱ्यास सांगण्याची त्यास इच्छा असावी. पुढें भाष्यकार आवर्जून सांगतो कीं, हें लक्षण ऋषि, आर्य आणि म्लेच्छ ह्या तिघांसही सारखेंच लागू आहे. परका म्हणून साक्ष बाद होत नाहीं व आपला म्हणून ती ग्राह्य ठरत नाहीं. ह्याहून निष्पक्षपाती कसोटी आमच्या पाहण्यांत नाहीं.

२

पहिलें साधन अमेरिकेचें. कमोडोर मॅथ्यू पेरी ८ जुलै १८५३ रोजीं चार युद्धनौका घेऊन एडोच्या आखातांत उरागा येथें येऊन ठेपला, पुढच्या वर्षीं अधिक मोठें आरमार घेऊन परतला, आणि ३१ मार्च १८५४ रोजीं कानागावाचा तह झाला. ह्या मोहिमेचा सरकारी वृत्तान्त फ्रान्सिस हॉक्स ह्यानें संपादून १८५६ सालीं प्रसिद्ध केला. आप्तलक्षणाची पहिली अट हा वृत्तान्त पुरी करतो, कारण सांगणारे तेथें होते. दुसरी अट मात्र जागोजागीं मोडते. मोहीम यशस्वी झाली व ती सुधारलेल्या राष्ट्राला शोभेशी झाली, हें अमेरिकेच्या काँग्रेसला व जनतेला पटवावयाचें होतें.

नजराण्याचा प्रसंग पहा. अमेरिकनांनीं लहान आकाराचें वाफेचें इंजिन, त्याच्या मागें डबा, वाटोळा रूळमार्ग व तारायंत्र आणलें होतें. जपान्यांनीं तांदुळाचीं पोतीं दिलीं व तीं सुमो मल्लांकडून वाहवून त्यांच्या कुस्त्याही करून दाखविल्या. वृत्तान्तकारानें ह्या दोन गोष्टी शेजारीं ठेवून एकीकडे विज्ञान व दुसरीकडे पशुबल, असा निकाल देऊन टाकला आहे. डबा इतका लहान होता कीं त्यांत माणूस मावेना. तेव्हां एक जपानी अधिकारी छपरावर बसून, झग्याचा घोळ वाऱ्यावर फडफडत, गोल गोल फिरला, असें मोठ्या मौजेनें वर्णिलें आहे. वाचकानें हंसावें हा हेतु उघड दिसतो. परंतु ह्यानंतर फार काळ लोटला नाहीं तोंच, १८५५ च्या सुमारास, सागा संस्थानांतील कारागिरांनीं वाफेच्या इंजिनाचा चालता नमुना स्वतः घडविला. त्याचा आदर्श त्यांनीं नागासाकीस आलेल्या रशियन आरमाराजवळ पाहिला होता. छपरावर बसलेल्या माणसाच्या मनांत कुतूहल किती होतें, तें हंसणाऱ्यास दिसलें नाहीं.

तरीही हा वृत्तान्त टाकून देण्याजोगा नाहीं. त्यांतच असें नमूद आहे कीं, जपानी अधिकाऱ्यांसमोर पृथ्वीचा गोल ठेवतांच त्यांनीं वॉशिंग्टन व न्यूयॉर्क हीं शहरें बोटानें दाखविलीं, आणि पनामाच्या संयोगभूमीवरील काम कोठवर आलें अशी चौकशी केली. ही नोंद लिहिणाऱ्याच्या गृहीताविरुद्ध जाते. जग ज्यांना ठाऊक नाहीं अशा लोकांचीं दारें उघडावयास आपण आलों, असें ज्याला म्हणावयाचें आहे, त्याने ही गोष्ट मनानें रचली असणें संभवत नाहीं. साक्षीदार स्वतःच्या सोयीविरुद्ध जें लिहून जातो तें बहुधा खरें असतें. हा नियम आम्ही पुढेंही वापरणार आहों.

३

जपानी बाजूचीं साधनें अधिक विविध आहेत. पेरीचें आरमार आलें तेव्हां रस्त्यांत विकल्या जाणाऱ्या छापील पत्रकांत व चित्रांच्या गुंडाळ्यांत अमेरिकनांचीं जीं चित्रें निघालीं, त्यांतील कांहींत पेरीचें नाक तेंगूसारखें लांब आहे. तेंगू म्हणजे जपानी लोककथांतील डोंगरांत राहणारा, लांब नाकाचा अमानुष प्राणी. न पाहिलेल्या वस्तूस ओळखीच्या वस्तूचें रूप देणें ही मनुष्याची स्वाभाविक खोड आहे. तिला दोष देण्याचें कारण नाहीं. मात्र हें चित्र फडताळांत पडून राहिलें आणि नव्वद वर्षांनीं पुन्हा बाहेर निघालें, एवढें ध्यानांत ठेवावें.

इ. स. १८६० सालीं तहाच्या कागदपत्रांची अदलाबदल करण्यासाठीं शोगुनचें सत्याहत्तर माणसांचें शिष्टमंडळ अमेरिकेस गेलें. उपप्रमुख मुरागाकी नोरिमासा ह्याची रोजनिशी उपलब्ध आहे. अध्यक्ष ब्यूकॅनन हा साध्या काळ्या पोषाखांत, कमरेला तलवार न लावतां भेटतो. राजदरबारच्या प्रसंगीं बायका हजर असतात. आणि विधिमंडळांत सभासद हातवारे करून असे ओरडतात कीं त्याला एडोमधील निहोनबाशीचा मासळीबाजार आठवतो. मुरागाकीचें ममत्व आपल्या देशाच्या शिष्टाचारावर आहे व त्याचा निकाल बहुधा ठरलेला असतो. परंतु त्याने पाहिलें तें नेमकें पाहिलें, व काय पाहून आपणांस विस्मय वाटला तेंही लिहिलें. म्हणून त्याचा निकाल बाजूस ठेवला तरी साक्ष उरते. त्याच वेळीं न्यूयॉर्कच्या रस्त्यांत ह्या मंडळींना पाहण्यास अफाट गर्दी लोटली होती, आणि त्यांच्यांतील एका तरुण दुभाष्यास वर्तमानपत्रांनीं 'टॉमी' असें लाडकें नांव देऊन त्याच्या नांवानें नाचाची चालही बांधली. पाहणारे हजारों होते. परंतु पाहून कांहीं शिकलेले थोडे.

त्याच वर्षीं सोबतच्या जपानी जहाजांतून फुकुझावा युकिची हा तरुण सॅन फ्रान्सिस्कोस गेला होता. त्याचें आत्मचरित्र १८९९ सालचें, म्हणजे बऱ्याच काळानंतरचें आहे. तथापि त्यांतील दोन आठवणी मोलाच्या आहेत. एडोस आग लागून गेली म्हणजे राखेंतून खिळे वेंचावयास लोक धांवत. येथें जुनें लोखंड उकिरड्यावर व समुद्रकांठीं नुसतें पडलें आहे, हें पाहून तो थक्क झाला. दुसरी आठवण अशी कीं, वॉशिंग्टनचे वंशज सध्यां काय करतात, असें त्यानें एका गृहस्थास विचारलें. त्या गृहस्थानें उदासीनपणें कांहींसें उत्तर दिलें. त्यास नीटसें ठाऊकही नव्हतें. तोकुगावा घराण्याच्या राज्यांत वाढलेल्या फुकुझावास राज्यसंस्थापकाचे वंशज कोणास ठाऊक नसावेत हें विलक्षण वाटलें. लोकसत्ता म्हणजे काय, हें त्यास शंभर व्याख्यानांनीं कळलें नसतें तें ह्या एका बेपर्वा उत्तरानें कळलें.

इवाकुरा ह्याच्या नेतृत्वाखालीं १८७१ ते १८७३ पर्यंत जगाची फेरी करणाऱ्या शिष्टमंडळाचा वृत्तान्त कुमे कुनिताके ह्यानें १८७८ सालीं पांच भागांत प्रसिद्ध केला. त्याचा पहिला भाग अमेरिकेविषयीं आहे. वॉशिंग्टन शहरीं काळ्या मुलांची शाळा पाहून कुमे लिहितो त्याचा आशय असा कीं, कातडीच्या रंगाचा बुद्धीशीं कांहीं संबंध नाहीं, आणि शिक्षण मिळाल्यास हे लोक थोड्याच काळांत पुढें येतील. ही भेट अमेरिकेंतील गुलामगिरी नष्ट होऊन पुरीं दहा वर्षें होण्याच्या आंतली आहे. परका मनुष्य घरच्यांस न दिसणारें पाहूं शकतो, ह्याचें ह्याहून चांगलें उदाहरण मिळणें कठीण.

परंतु ह्या सर्वांहून श्रेष्ठ साक्षीदार एक कोळ्याचा पोर होता. तोसा प्रांतांतील मांजिरो हा चौदा वर्षांचा असतां १८४१ सालीं मासेमारीची होडी वादळांत सांपडून एका निर्जन बेटावर लागला. विल्यम व्हिटफील्ड नांवाच्या अमेरिकन कप्तानानें त्यास व त्याच्या सोबत्यांस वांचविलें, आणि मांजिरोस मॅसाच्युसेट्समधील फेअरहेवन ह्या आपल्या गांवीं नेऊन शाळेंत घातलें. कप्तान ज्या देवळांत जात असे तेथें ह्या मुलास कुटुंबासमवेत बसूं देण्यास हरकत घेण्यांत आली, तेव्हां कप्तानानें तें देऊळच सोडलें, असें त्या गांवीं सांगतात. एकाच गांवांत अमेरिकेचीं दोन्ही रूपें ह्या मुलानें पाहिलीं. तो १८५१ सालीं जिवावर उदार होऊन परतला. देश सोडून गेलेल्यास परत येण्याची बंदी होती. नागासाकीस त्याच्या जबान्या झाल्या, आणि तोसा येथें कावादा शोर्यो ह्या चित्रकार-पंडितानें त्याच्या तोंडून ऐकून १८५२ सालीं सचित्र वृत्तान्त लिहून काढला. भाषा, शाळा, शेती, जहाज, जेवण, लग्न — जें पाहिलें तेवढेंच तो सांगतो. अमेरिकनांचा स्वभाव असा असतो वगैरे सिद्धान्ताच्या भरीस पडत नाहीं. आप्तलक्षणाच्या दोन्ही अटी येथें पुऱ्या होतात.

आणि ह्या साक्षीदाराचें झालें काय? पेरी आला तेव्हां सरकारनें मांजिरोस एडोस बोलावून घेतलें. पण तो अमेरिकनांचा मिंधा असेल ह्या संशयानें त्यास वाटाघाटींत दुभाष्याचें काम दिलें नाहीं. बोलणें डच भाषेच्या आडवळणानें झालें. ज्याला दोन्ही घरें ठाऊक, त्याच्यावरच दोन्ही घरांचा अविश्वास, ही गोष्ट पुढें नऊ दशकांनीं फार मोठ्या प्रमाणावर घडावयाची होती.

४

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वर्णनाचा प्रकार पालटला. प्रवासी मागें पडला व सिद्धान्ती पुढें आला. पर्सिव्हल लोवेल ह्या अमेरिकन गृहस्थानें १८८८ सालीं पूर्वेकडील लोकांच्या 'आत्म्यावर' ग्रंथ लिहून असें मांडलें कीं, ह्या लोकांत व्यक्तित्वच नसतें व त्यांच्या सर्व रीति आपल्या उलट असतात. हा गृहस्थ जपानांत राहिलेला होता. म्हणजे साक्षात् दर्शनाची अट त्यानें पुरी केली होती. परंतु पाहण्याआधींच सिद्धान्त ठरलेला असला म्हणजे डोळे काय करितात, हें त्याच्या पुढील आयुष्यानें दाखविलें. त्यानें ज्योतिषाकडे वळून वेधशाळा बांधली आणि मंगळावर कालव्यांचें जाळें पाहून त्याचे नकाशे काढले. १९६५ सालीं यंत्रानें मंगळाजवळून छायाचित्रें घेतलीं त्यांत कालवा एकही निघाला नाहीं. लोवेल लबाड नव्हता. विखुरलेल्या ठिपक्यांस जोडणाऱ्या रेषा त्याच्या डोळ्यानें पुरविल्या होत्या. राष्ट्रस्वभावाचीं पुष्कळशीं वर्णनें ह्याच जातीचीं असतात.

दुसऱ्या बाजूनें निटोबे इनाझो ह्यानें १९०० च्या सुमारास 'बुशिदो' हा ग्रंथ अमेरिकेंत राहून, इंग्रजींत, पाश्चात्त्यांच्या शंकांस उत्तर म्हणून लिहिला. सामुराई वर्ग लोकसंख्येचा लहानसा भाग होता व तो वर्ग म्हणून १८७० नंतरच्या दशकांतच लयास गेला होता. त्याचा आदर्श निटोबे ह्यानें सबंध राष्ट्राचा आत्मा म्हणून परदेशीयांपुढें ठेवला. पुढें त्याचें जपानींत भाषांतर झालें, आणि परक्यांसाठीं काढलेल्या चित्रांत घरचे लोक आपला चेहरा शोधूं लागले. उचिमुरा कान्झो ह्याची कथा उलट आहे. हा ख्रिस्ती झालेला तरुण अमेरिका ही पुण्यभूमि समजून १८८४ सालीं तेथें गेला. तेथें देवाचें नांव लोक शिवीसारखें घेतात हें त्याने ऐकलें, चोऱ्या पाहिल्या, वर्णद्वेष पाहिला. आपला भ्रमनिरास त्यानें १८९५ सालच्या इंग्रजी ग्रंथांत प्रांजळपणें लिहिला आहे. आपल्या सोयीविरुद्ध दिलेली ही साक्ष आहे, म्हणून तिचें मोल मोठें.

चित्रांवरून कायदा कसा होतो, तें आतां पाहूं. सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळाखात्यानें १९०६ सालीं जपानी मुलांस वेगळ्या शाळेंत घालण्याचें ठरविलें. कॅलिफोर्नियानें १९१३ सालीं त्यांस जमीन खरेदीची बंदी केली. ताकाओ ओझावा ह्यानें नागरिकत्वासाठीं केलेला अर्ज अमेरिकेच्या वरिष्ठ न्यायालयानें नोव्हेंबर १९२२ मध्यें फेटाळला. कारण 'गोरा' म्हणजे कॉकेशियन वंशाचा, आणि जपानी त्या वंशाचे नव्हेत. तीनच महिन्यांनीं भगतसिंग थिंड ह्या पंजाबी गृहस्थाचा दावा त्याच न्यायालयापुढें आला. तत्कालीन वंशशास्त्राप्रमाणें आपण कॉकेशियन आहों, असें त्याचें म्हणणें. न्यायालयानें निर्णय दिला कीं, शास्त्र कांहींही म्हणो, सामान्य माणूस ज्यास गोरा समजतो तोच गोरा. तर्कशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांस अव्याप्ति-अतिव्याप्ति समजावून देतांना लक्षण आधीं ठरवावें, मग लक्ष्य तपासावें, असें सांगतात. येथें कोणास बाहेर ठेवावयाचें तें आधीं ठरलें व लक्षण मागाहून दोनदां निरनिराळें बनविलें गेलें. १९२४ च्या कायद्यानें जपानी लोकांस अमेरिकेचें दारच बंद झालें. जन्मभर दोन्ही देशांत पूल बांधूं पाहणाऱ्या निटोबे ह्यानें तो कायदा रद्द होईपर्यंत अमेरिकेच्या भूमीवर पाय ठेवणार नाहीं, असें जाहीर केलें.

५

डिसेंबर १९४१ मध्यें पर्ल हार्बरवर जपानचा हल्ला झाला. त्याच महिन्यांत 'लाइफ' ह्या अमेरिकन साप्ताहिकानें मित्र असलेला चिनी व शत्रु असलेला जपानी चेहऱ्यावरून कसा ओळखावा, हें खुणा केलेल्या छायाचित्रांसह छापलें. १९ फेब्रुवारी १९४२ च्या अध्यक्षीय हुकुमान्वयें पश्चिम किनाऱ्यावरील सुमारें १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांस घरेंदारें सोडून छावण्यांत जावें लागलें. त्यांपैकीं जवळजवळ दोनतृतीयांश अमेरिकेचे जन्मसिद्ध नागरिक होते. ही शिफारस करणाऱ्या जनरल डेविट ह्याचा युक्तिवाद न्यायाच्या विद्यार्थ्यांनीं पाठ करून ठेवण्यासारखा आहे : ह्या लोकांकडून आजवर घातपाताचें एकही कृत्य घडलेलें नाहीं, हीच गोष्ट तें पुढें घडणार असल्याची खूण होय! घट दिसत नाहीं म्हणून येथें घट नाहीं, हें अनुपलब्धीचें साधें उदाहरण. येथें घट दिसत नाहीं म्हणूनच तो आहे, असें ठरलें. आणि ज्या हवाई बेटांवर प्रत्यक्ष हल्ला झाला, तेथें जपानी वंशाचे लोक तिसऱ्या हिश्श्याहून अधिक असूनही त्यांस सरसकट उठविलें नाहीं. कारण त्यांच्यावांचून तेथील कामधंदाच बंद पडता. म्हणजे एकाच वंशाचे लोक, एकच सरकार, एकच वर्ष. पण जेथें गरज होती तेथें ते विश्वासू व जेथें नव्हती तेथें घातकी. अमेरिकेच्या सरकारनें १९८८ सालीं कायदा करून ह्या अन्यायाबद्दल क्षमा मागितली व हयात असलेल्यांस प्रत्येकीं वीस हजार डॉलर दिले.

जपानांत तेंगूचें लांब नाक आतां शिंगें होऊन परत आलें. अमेरिकन व इंग्रज म्हणजे राक्षस व पशु, अशी घोषणा रूढ झाली. राक्षसांच्या बेटावर स्वारी करणाऱ्या मोमोतारो ह्या बाळवीराची जुनी गोष्ट युद्धाच्या बोलपटांत उतरली. अमेरिकन व्यंगचित्रांत जपानी मनुष्य माकड किंवा कीटक झाला. जॉन डाउअर ह्या इतिहासकारानें १९८६ सालच्या आपल्या ग्रंथांत दोन्हीकडील हें साहित्य शेजारीं मांडलें आहे, आणि तें वाचवत नाहीं. ह्या समजुतींचें फळ दोन्हीकडे मिळालें. जपानच्या ताब्यांत सांपडलेल्या अमेरिकन व ब्रिटिश साम्राज्याच्या कैद्यांपैकीं चतुर्थांशाहून अधिक कैदेंत मेले. १० मार्च १९४५ च्या रात्रीं तोकियोवर आगीचा वर्षाव झाला आणि ऑगस्टच्या ६ व ९ तारखांस हिरोशिमा व नागासाकी हीं शहरें अणुबाँबनें जाळण्यांत आलीं. ह्या कृत्यांचीं लष्करी व राजकीय कारणें इतिहासकार अजूनही चर्चितात. परंतु तीं करणाऱ्यांचे हात आधीं काढलेल्या चित्रांनीं हलके केले होते, एवढें नाकारतां येणार नाहीं.

६

बेनेडिक्टबाईंस जून १९४४ मध्यें अमेरिकेच्या युद्धमाहिती-खात्यांत जपानचा अभ्यास करण्याचें काम मिळालें, तें ह्या वातावरणांत. शत्रु शरण येईल का, त्याच्या सम्राटाचें काय करावें, जिंकलेल्या देशांत कसें वागावें, हे सरकारपुढील प्रश्न होते. बाईंना जपानी भाषा येत नव्हती; त्या जपानास कधीं गेल्या नव्हत्या व पुढेंही त्यांना जातां आलें नाहीं; १९४८ सालीं त्या वारल्या. वात्स्यायनाची पहिली अट येथें सरळच अपुरी राहते. त्यांचीं साधनें म्हणजे भाषांतरित पुस्तकें, बोलपट, शत्रूचा प्रचार, आणि अमेरिकेंत राहणाऱ्या जपान्यांच्या मुलाखती. हे मुलाखत देणारे त्याच समाजांतले, ज्याला सरकारनें नुकतेंच तारेच्या कुंपणाआड टाकलें होतें. त्यांच्यापैकीं अनेकांचें जपान त्यांनीं तो देश सोडला तेव्हांचें होतें.

दुसरी अट मात्र बाईंनीं मोठ्या प्रमाणांत पाळली, आणि हा त्यांचा खरा मोठेपणा. माकड व कीटक ह्यांच्या त्या दिवसांत त्यांनीं असें गृहीत धरलें कीं शत्रूच्या वागण्यास अर्थ आहे आणि तो माणसाचा अर्थ आहे. 'ओन' म्हणजे उपकाराचें ओझें, 'गिरी' म्हणजे त्याची परतफेड व नांवाची राखण, ह्या कल्पनांची त्यांनीं सुसंगत मांडणी केली. क्लिफर्ड गीर्ट्झ ह्यानें १९८८ सालीं दाखविल्याप्रमाणें, ह्या ग्रंथांत जपानची अमेरिकेशीं पदोपदीं तुलना चालते व वाचतां वाचतां जपान कमी चमत्कारिक आणि अमेरिकाच अधिक चमत्कारिक वाटूं लागते.

दोष येतो तो साधनें वापरण्याच्या रीतींत. एकच उदाहरण देतों. नात्सुमे सोसेकी ह्याच्या 'बोच्चान' ह्या १९०६ सालच्या कादंबरीचा नायक एका सहकारी शिक्षकानें पाजलेल्या बर्फाच्या पाण्याचे दीड सेन, त्याच्याशीं बिनसल्याचें समजतांच, परत करावयास निघतो. बाई हा प्रसंग जपानी मनुष्यास उपकार किती जड वाटतो ह्याचा पुरावा म्हणून देतात. परंतु ती कादंबरी विनोदी आहे आणि तिचा नायक तडकाफडकी स्वभावाचा असून त्याच्या भोंवतालच्या जपानी लोकांनाच तो विक्षिप्त वाटतो. चिमणरावाच्या फजितीवरून महाराष्ट्रीयांचा राष्ट्रस्वभाव ठरवावा, तसाच हा प्रकार. सैनिकांस दिलेले हुकूम, रोनिनांची कथा, शाळेंतले पाठ, ह्या भिन्न काळच्या व भिन्न हेतूच्या साधनांस एका पंक्तीस बसवून 'जपानी मनुष्य असा असतो' असें सर्वकालीन वर्तमानकाळांत सांगितलें आहे. इतिहास जेथें हवा तेथें स्वभाव येऊन बसला.

जपानी पंडितांनीं हें लौकरच ओळखलें. १९५० च्या सुमारास तेथील मानववंशशास्त्राच्या एका नियतकालिकानें ह्या ग्रंथावर चर्चा घडविली. वात्सुजी तेत्सुरो ह्या तत्त्वज्ञाचा मुख्य आक्षेप हाच कीं, लष्करी वर्तुळांतील कांहीं लोकांच्या विचारांवरून सबंध राष्ट्राविषयीं अनुमान काढलें आहे. जपानी संस्कृति लज्जेची व पाश्चात्त्य संस्कृति पापभीतीची, ह्या बाईंच्या प्रसिद्ध विभागणीसही लोकसाहित्याचे अभ्यासक यानागिता कुनिओ ह्यांनीं सामान्य लोकांच्या बोलण्यांतील 'पाप' ह्या शब्दाकडे बोट दाखवून हरकत घेतली. आक्षेप सबळ होते; तरी ग्रंथ खपत राहिला. पराभूत राष्ट्राला 'आपण कोण' ह्या प्रश्नाचें आयतें उत्तर हवें होतें. निटोबे ह्याच्या वेळीं घडलें तेंच पुन्हा घडलें.

७

गरज पालटतांच चित्र पालटतें, हें युद्धानंतर तर डोळ्यांदेखत झालें. कालचा राक्षस आज संरक्षक झाला; जनरल मॅकार्थर ह्यास जपानी नागरिकांनीं सुमारें पांच लाख पत्रें लिहिलीं. कालचें माकड आज शिकवावयाचें मूल झालें. १९५१ सालीं मॅकार्थर ह्यानेंच सेनेटपुढें जपानला बारा वर्षांच्या मुलाची उपमा दिली, आणि ती ऐकून पत्रें लिहिणारा देश व्यथित झाला. पुढें जपानी मोटारी अमेरिकेंत खपूं लागल्या तेव्हां मूल पुन्हा शत्रु झालें. १९८२ सालीं डेट्रॉइटनजीक मोटारधंद्याशीं संबंध असलेल्या दोघां गोऱ्यांनीं एका तरुणास मारून टाकलें. तुमच्यामुळें आमच्या नोकऱ्या गेल्या, असें ते त्यास म्हणाल्याची साक्ष झाली. तो तरुण चिनी वंशाचा होता. १९४१ सालीं साप्ताहिकानें शिकविलेल्या खुणा तपासण्याचें तेव्हां कोणास कारण वाटलें नाहीं. १९८९ सालीं जपानांत 'नाहीं' म्हणूं शकणाऱ्या जपानवर पुस्तक निघालें, तें अमेरिकनांच्या पूर्वग्रहांवर बोट ठेवतांना स्वतःचे पूर्वग्रह विसरलें. ह्या दीडशें वर्षांत दोन्ही राष्ट्रांचें एकमेकांविषयींचें ज्ञान सतत वाढलें. चित्रें मात्र ज्ञानाप्रमाणें न बदलतां गरजेप्रमाणें बदललीं.

मग खरें दर्शन घडतच नाहीं काय? घडतें, पण तें लहान गोष्टींत घडतें. दोई ताकेओ ह्या मानसवैद्यानें १९७१ सालच्या आपल्या ग्रंथांत लिहिलें आहे कीं, १९५० सालीं तो अमेरिकेस गेला असतां एका घरीं यजमानानें भूक आहे का, आइस्क्रीम हवें का, असें विचारलें. भूक होती, पण पहिल्याच भेटींत हो कसें म्हणावें, म्हणून तो नको म्हणाला. यजमानानें पुन्हा विचारलें नाहीं व पाहुणा उपाशी राहिला. आग्रहावांचून वाढणें ज्यांस ठाऊक नाहीं अशा आपल्या लोकांस ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाहीं. येथें यजमान निर्दय नाहीं व पाहुणा लबाड नाहीं. एका ओळीच्या संभाषणांत दोन्ही घरें दिसलीं. मात्र ह्याच अनुभवावरून दोई जेव्हां समस्त जपानी मनाची गुरुकिल्ली सांपडल्याचें सांगतो, तेव्हां तोही लोवेलच्या वाटेनें जातो.

आमच्या अलंकारशास्त्रांत स्वभावोक्ति नांवाचा अलंकार आहे. दंडीनें त्यास पहिलें स्थान दिलें असून त्याचेंच दुसरें नांव 'जाति' असें सांगितलें आहे. परंतु ती स्वभावोक्ति म्हणजे 'अमुक जात अशी असते' असा निर्णय नव्हे. पक्षी मान कशी वळवितो, मूल कसें रांगतें, हें डोळ्यांनीं पाहून बारकाव्यानें सांगणें म्हणजे स्वभावोक्ति. उकिरड्यावरचें लोखंड, मासळीबाजारासारखी सभा, गोलावर ठेवलेलें बोट, न मिळालेलें आइस्क्रीम, ह्या स्वभावोक्ति आहेत. त्या ठेवाव्या व त्यांवर उभारलेले राष्ट्रस्वभावाचे सिद्धान्त उतरवून ठेवावे, एवढें ह्या परीक्षणाचें तात्पर्य.

ह्या दृष्टीनें पाहतां 'शेवंती आणि तलवार' हा ग्रंथ जपानच्या इतिहासाचें साधन म्हणून दुय्यम ठरतो. तो १९४४ ते १९४६ पर्यंतच्या अमेरिकेच्या इतिहासाचें मात्र अव्वल साधन आहे : जिंकूं लागलेलें राष्ट्र, हरत चाललेल्या शत्रूस पुन्हा माणूस म्हणून पाहण्याची तयारी करीत होतें, त्या क्षणाचें. अभ्यासकानें तो त्या कपाटांत ठेवावा व आदरानें वाचावा. जपाननें अमेरिका कशी पाहिली, हें ज्यास जाणून घ्यावयाचें आहे त्यानें आरंभ मात्र मांजिरोच्या जबानीपासून करावा. कारण दोन्ही अटी पुऱ्या करणारा साक्षीदार इतिहासांत क्वचित् सांपडतो, आणि सांपडला तरी त्याच्या वेळीं त्यास विचारणारा नसतो.